एकसारख्या पेट्या : पर्सनल कॉम्प्युटर बनवणाऱ्यांची वेगळेपणासाठीची धडपड



आज सुरुवातीलाच आपण एक छोटंसं काम करू. ज्यांच्यासमोर लॅपटॉप आहे त्यांनी कीबोर्डच्या खाली, जिथे तळहात टेकतात तिथे बघा. बहुतेकांना तिथे एखाददुसरा स्टिकर दिसेल. त्यावर इंटेलचं किंवा एएमडीचं नाव असेल. यंत्र थोडं जुनं असेल तर शेजारी विंडोजचाही स्टिकर असेल. आता झाकण मिटून वरचं नाव वाचा. डेल, एचपी, लेनोव्हो, एसर, आसुस, यांपैकी काहीतरी असेल. म्हणजे यंत्र विकलं एकाने, आणि रोज डोळ्यांसमोर नाव राहतं दुसऱ्याचं.

आपण स्कूटर घ्यायचो तेव्हा तिच्यातला कार्ब्युरेटर कोणी बनवला हे कंपनी पुढच्या मडगार्डवर छापत नसे. मग कॉम्प्युटरवाल्यांवर ही वेळ का आली? विसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत जगातल्या बहुतेक कचेऱ्यांमध्ये आणि कोट्यवधी घरांमध्ये जे यंत्र शिरलं, ते बनवणाऱ्यांना आपली पेटी शेजारच्याच्या पेटीपेक्षा वेगळी का आहे, हे गिऱ्हाइकाला पटवून देणं इतकं जड का गेलं? हा आजचा आपला विषय. त्यात बनवणाऱ्यांची जशी गोष्ट आहे तशीच आपलीही आहे. मराठी अक्षरं कॉम्प्युटरच्या पडद्यावर कशी आली, याच्याशीही तिचा संबंध आहे. तिथे आपण शेवटी जाऊच.

सगळेच वेगळे होते तेव्हा

पहिल्यांदा एक गैरसमज दूर करू. पर्सनल कॉम्प्युटर सुरुवातीपासून एकसारखे नव्हते, उलट प्रत्येक यंत्राची तऱ्हा वेगळी होती. १९७७ या एका वर्षात अमेरिकेत तीन गाजलेली यंत्रं बाजारात आली : ॲपल २, कमोडोर कंपनीचं पेट, आणि टँडी रेडिओ शॅकचं टीआरएस-८०. यांतल्या ॲपल आणि पेटमध्ये तर ६५०२ हा एकाच जातीचा प्रोसेसर होता. तरीही ॲपलसाठी लिहिलेला प्रोग्राम पेटवर जसाच्या तसा चालत नसे. पडदा, कीबोर्ड, माहिती साठवण्याची पद्धत, सगळंच ज्याचं त्याचं.

बनवणाऱ्याला हे सोयीचं होतं. एकदा गिऱ्हाईक आपल्याकडे आलं की प्रोग्राम, प्रिंटर, जोडकामाच्या वस्तू, सगळं आपल्याच कुंपणात. घेणाऱ्याला मात्र हा जुगार होता. कंपनी बुडाली तर यंत्राबरोबर त्यासाठी घेतलेले प्रोग्रामही बुडाले. म्हणजे वेगळेपण भरपूर होतं, आणि त्याची किंमत गिऱ्हाईक मोजत होतं. हे वाक्य ध्यानात ठेवा, आपल्याला पुन्हा लागणार आहे.

एका वर्षात जोडलेलं यंत्र

मोठे, खोलीभर पसरणारे कॉम्प्युटर बनवणाऱ्या आयबीएमला या बाजारात उशीर झाला होता. म्हणून फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथे एक लहानसा गट बसवला गेला. पुढे त्याची सूत्रं डॉन एस्ट्रिज यांच्याकडे आली. गटाला साधारण वर्षभराचा अवधी होता. आयबीएमच्या नेहमीच्या पद्धतीने सगळे भाग घरातच बनवायचे म्हटलं असतं तर काही वर्षं गेली असती. म्हणून त्यांनी बाजारात तयार मिळणारे भाग घ्यायचं ठरवलं. प्रोसेसर इंटेलचा ८०८८. ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. फ्लॉपी ड्राइव्ह भारतात जन्मलेल्या जुगी टंडन यांच्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीचे. आत पाच मोकळ्या खाचा ठेवल्या, ज्यांना आपण स्लॉट म्हणतो. कोणीही कार्ड बनवावं आणि त्यात खोचावं. यंत्राची तांत्रिक माहिती देणारं जाडजूड पुस्तकही आयबीएमने विकायला ठेवलं.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी हे यंत्र जाहीर झालं. किंमत १,५६५ डॉलरपासून पुढे. त्या किमतीत मॉनिटर नाही, फ्लॉपी ड्राइव्ह नाही, आणि मेमरी १६ किलोबाइट!

इथे दोन गोष्टी नीट समजून घेऊ, कारण पुढचा सगळा इतिहास त्यांच्यावर उभा आहे. पहिली म्हणजे मायक्रोसॉफ्टने आयबीएमला डॉस पुरवली, पण तीच ऑपरेटिंग सिस्टिम इतरांना विकण्याचा हक्क आपल्याकडे राखून ठेवला. दुसरी म्हणजे यंत्रात आयबीएमचं असं खास एकच होतं. एका चिपमध्ये कायमचा बसवलेला छोटा प्रोग्राम, ज्याला बायोस म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टिम आणि यंत्राचे भाग यांच्यामधला हा दुभाषा. त्याचा पूर्ण मजकूर आयबीएमने त्या पुस्तकात छापलाही होता. वाचायला सगळ्यांना मुभा होती, पण कॉपीराइट असल्यामुळे तो उतरवून घेता येत नव्हता.

एक घरगुती उपमा देतो. वडापावची गाडी लावायची आहे. पाव बेकरीतून आणला, बटाटे मंडईतून, बेसन वाण्याकडून. आपलं म्हणायला उरली ती चटणी. आयबीएमची चटणी म्हणजे बायोस. आणि त्या चटणीची कृती त्यांनी स्वतःच गाडीवर लावून ठेवली होती.

तंतोतंत तसंच असण्याची कला

१९८२ च्या फेब्रुवारीत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स सोडून आलेल्या तिघांनी ह्यूस्टनमध्ये कॉम्पॅक ही कंपनी काढली. रॉड कॅनियन, जिम हॅरिस आणि बिल मर्टो. एका हॉटेलात बसून कागदी टेबलमॅटच्या पाठीवर त्यांच्या पहिल्या यंत्राचं चित्र काढलं गेलं, हा किस्सा प्रसिद्ध आहे. यंत्र होतं उचलून नेता येईल असं. अर्थात उचलणाऱ्याच्या खांद्यात बळ हवं, कारण वजन होतं २८ पौंड, म्हणजे साडेबारा किलोंच्या वर.

पण कॉम्पॅकचं खरं काम हँडल लावण्याचं नव्हतं. आयबीएमचा बायोस न चोरता त्याच्यासारखाच वागणारा बायोस त्यांनी लिहिला. त्याची रीत अशी : एका गटाने आयबीएमचा मजकूर वाचायचा आणि त्यातून फक्त कशाला काय प्रतिसाद येतो एवढंच टिपून ठेवायचं. दुसऱ्या गटाने, ज्याने तो मजकूर कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही, त्या टिपणांवरून आपला प्रोग्राम लिहायचा. परिणाम तोच, पण शब्द स्वतःचे. कायद्याच्या कसोटीला हे उतरलं. १९८३ या विक्रीच्या पहिल्या वर्षात कॉम्पॅकची सुमारे ५३ हजार यंत्रं खपली आणि उलाढाल ११ कोटी १० लाख डॉलरची झाली.

त्याच सुमारास इतर काय करत होते, ते पाहू. डिजिटल इक्विपमेंट या बलाढ्य कंपनीने रेनबो १०० आणलं. ह्यूलेट-पॅकार्डने एचपी-१५० आणलं, ज्याच्या पडद्याला बोट लावून काम करता येई, तेही १९८३ मध्ये! टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनेही आपलं यंत्र आणलं. ही सगळी यंत्रं मायक्रोसॉफ्टची ऑपरेटिंग सिस्टिम चालवत होती, आणि काही बाबतींत आयबीएमच्या यंत्रापेक्षा सरस होती. पण आयबीएमशी पूर्णपणे कम्पॅटिबल, म्हणजे सुसंगत, नव्हती.

१९८३ च्या जानेवारीत लोटस १-२-३ हा हिशेबाचा प्रोग्राम आला. वेग वाढावा म्हणून तो ऑपरेटिंग सिस्टिमला बगल देऊन थेट आयबीएमच्या पडद्याच्या मेमरीत लिहायचा. ज्या यंत्राची आतली रचना आयबीएमसारखी नाही, त्यावर हा प्रोग्राम चालेना. मग लोटस आणि मायक्रोसॉफ्टचा विमान उडवण्याचा खेळ, फ्लाइट सिम्युलेटर, या दोन गोष्टी कसोटीच बनून गेल्या. दुकानात गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारायचं : यावर लोटस चालतं का? नाही म्हटलं की ते पुढच्या काउंटरकडे वळायचं.

बाजाराचा निकाल विचित्र होता. बोटाने चालणारा पडदा देणारं यंत्र मागे पडलं, आणि आयबीएमची तंतोतंत नक्कल करणारं पुढे गेलं. अधिक चांगलं असण्यापेक्षा तेच असणं महत्त्वाचं ठरलं. १९८४ मध्ये फिनिक्स या कंपनीने असाच स्वतंत्रपणे लिहिलेला बायोस तयार करून मागेल त्याला विकायला सुरुवात केली. आता चटणीही बाजारात मिळू लागली. पैसे असतील त्याने गाडी लावावी.

आयबीएमचा उलटा डाव

गाड्या इतक्या झाल्या की मूळ गाडीवाल्यालाच कोणी विचारेना. १९८६ च्या सप्टेंबरमध्ये तर कॉम्पॅकने इंटेलच्या नव्या ३८६ प्रोसेसरचं यंत्र आयबीएमच्या आधी बाजारात आणलं. नक्कल करणारा पुढे आणि मूळपुरुष मागे, असा प्रकार झाला.

आयबीएमचं उत्तर आलं २ एप्रिल १९८७ रोजी. पीएस/२ नावाची नवी मालिका. तिच्या वरच्या यंत्रांमध्ये कार्ड खोचण्याची पद्धत पूर्ण बदललेली होती. तिचं नाव मायक्रो चॅनल. तांत्रिकदृष्ट्या ती जुनीपेक्षा निश्चितच चांगली होती. पण जुनी कार्डं तिच्यात बसत नव्हती. आणि दुसऱ्या कोणाला ती वापरायची असेल तर आयबीएमची अट होती की विक्रीच्या पाच टक्क्यांपर्यंत रॉयल्टी द्या, आणि आजवर बनवलेल्या जुन्या यंत्रांचा हिशेबही चुकता करा.

आयबीएमची बाजूही समजून घेतली पाहिजे. आपण लावलेल्या झाडाची फळं सगळा गाव खातोय, तर कुंपण घालावंसं वाटणारच. पण १९८१ मध्ये कुंपण नव्हतं म्हणूनच तर त्या झाडाखाली एवढी गर्दी जमली होती. आता कुंपण घातल्यावर गर्दी आत आली नाही, ती शेजारी दुसरं झाड लावायला गेली. सप्टेंबर १९८८ मध्ये कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ कंपन्या एकत्र आल्या. एचपी, एप्सन, एनईसी, ऑलिव्हेटी, टँडी असे एरवी एकमेकांचे पाय ओढणारे त्यांत होते. त्यांनी ईसा नावाची पर्यायी पद्धत जाहीर केली, जिच्यात जुनी कार्डंही बसत होती. वर्तमानपत्रांनी त्यांना नऊ जणांची टोळी म्हटलं.

मायक्रो चॅनल काही वर्षांत विझून गेलं. ईसाही फार पसरली नाही. पण पीएस/२ मधल्या बाकीच्या गोष्टींचं काय झालं, ते पाहण्यासारखं आहे. साडेतीन इंची १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी, पडद्यासाठीचं व्हीजीए, कीबोर्ड आणि माउससाठीची गोल छोटी पिन, या सगळ्या गोष्टी इतर बनवणाऱ्यांनी उचलल्या आणि पुढची बरीच वर्षं त्या जगभर चालल्या. जे इतरांना घेता आलं ते टिकलं, आणि जे फक्त आयबीएमचं राहिलं ते गेलं. वेगळेपणाचं दुखणं याहून स्पष्ट सांगणारं उदाहरण आम्हाला माहीत नाही.

मग वेगळं काय करायचं?

आता पेटीच्या आत वेगळेपणाला वाव उरला नाही. मग तो पेटीच्या बाहेर शोधणं आलं. त्याचे तीन-चार मार्ग पाहू.

एक मार्ग विक्रीच्या पद्धतीचा. १९८४ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात शिकणाऱ्या मायकेल डेल या मुलाने हजार डॉलरच्या भांडवलावर कंपनी काढली. दुकानदाराला मध्ये न घेता गिऱ्हाइकाकडून फोनवर ऑर्डर घ्यायची, तो म्हणेल तेवढी मेमरी, तेवढी हार्ड डिस्क घालून यंत्र जोडायचं आणि घरी पाठवायचं. यातली हुशारी दुकानदाराचं कमिशन वाचवण्याहून मोठी होती. कॉम्प्युटरचे भाग म्हणजे कोथिंबिरीची जुडी. सकाळचा भाव संध्याकाळी राहत नाही. दुकानांतून विकणाऱ्यांचा माल गोदामात आणि काउंटरवर पडून असताना त्याची किंमत घसरत जाई. डेल ऑर्डर आल्यावर भाग वापरायची, त्यामुळे तिच्याकडे साठा नावापुरता असे. शिवाय गिऱ्हाइकाचे पैसे आधी हातात, पुरवठादाराचे नंतर द्यायचे. यंत्र इतरांसारखंच, पण ते बनवण्याची व्यवस्था वेगळी. ही व्यवस्था उघडून पाहता येत नाही, म्हणून तिची नक्कल करायला इतरांना वेळ लागला. २००१ मध्ये डेल जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली.

दुसरा मार्ग खोक्याचा. आयोवातल्या एका शेतघरात १९८५ मध्ये सुरू झालेल्या गेटवे कंपनीने आपली खोकी गाईच्या अंगावरच्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांसारखी रंगवली. हसू नका. आतला माल सगळ्यांचा सारखा असेल तर खोक्यावरची गाय हीसुद्धा ओळख असते.

तिसरा मार्ग भावाचा. हा सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक. १९९२ च्या जूनमध्ये तोवर महाग समजल्या जाणाऱ्या कॉम्पॅकने किमती एकदम पाडल्या आणि स्वस्त यंत्रांची नवी मालिका आणली. तिला यशही मिळालं, काही वर्षांत ती जगात अव्वल झाली. पण भाव कमी करण्याचं पेटंट मिळत नाही. दुसऱ्या आठवड्यात समोरचाही भाव कमी करतो, आणि दोघांचाही नफा गेलेला असतो. २००२ मध्ये कॉम्पॅक एचपीत विलीन झाली.

आता सुरुवातीच्या त्या स्टिकरकडे परत येऊ. इंटेलपुढेही नकलेची अडचण होतीच, कारण एएमडीसारख्या कंपन्या तसेच प्रोसेसर बनवत होत्या. ३८६ हा नुसता आकडा आपला ट्रेडमार्क आहे, हा दावा अमेरिकेतल्या कोर्टात टिकला नाही. म्हणून इंटेलने १९९१ मध्ये ‘इंटेल इनसाइड’ ही मोहीम काढली, आणि १९९३ च्या प्रोसेसरला आकड्याऐवजी पेंटियम हे नाव दिलं. मोहिमेची मेख अशी की कॉम्प्युटर बनवणाऱ्याने आपल्या जाहिरातीत इंटेलचं चिन्ह वापरलं, तर जाहिरातीच्या खर्चाचा काही भाग इंटेल देणार. नफा आधीच पातळ झालेल्या कंपन्यांना हे पैसे नाकारणं शक्य नव्हतं. पण प्रत्येक जाहिरातीतून त्या गिऱ्हाइकाला हेच शिकवत होत्या, की पेटीवर कोणाचं नाव आहे हे महत्त्वाचं नाही, आत काय आहे ते बघा. स्वतःच्याच खर्चाने त्यांनी स्वतःचं नाव पुसट केलं.

हसरी रेघ

तैवानच्या एसर कंपनीचे संस्थापक स्टॅन शी यांनी १९९२ च्या सुमारास हे दुखणं एका रेघेत मांडलं. डावीकडे संशोधन आणि मुख्य भाग, मधे जोडणी, उजवीकडे ब्रँड आणि विक्री. प्रत्येक ठिकाणी किती नफा मिळतो याची रेघ काढली तर दोन्ही टोकं वर आणि मधला भाग खाली, हसणाऱ्या तोंडासारखी. तिला हसरी रेघ असंच नाव पडलं. मधे बसलेला जोडणारा मात्र हसत नव्हता.

पुढे जोडणीही कंपन्यांच्या हातून गेली. तैवानच्या क्वांटा, कॉम्पाल अशा कंपन्या एकाच वेळी अनेक ब्रँडांचे लॅपटॉप बनवू लागल्या. दुकानात एकमेकांशी भांडणारे दोन लॅपटॉप एकाच कारखान्यातून निघालेले भाऊ असण्याची शक्यता चांगलीच मोठी झाली.

नफा इतका पातळ झाला की माणूस भलत्या ठिकाणी हात घालतो. नव्या लॅपटॉपमध्ये आपण न मागितलेले प्रोग्राम का असतात? ते ठेवण्याचे पैसे कंपनीला मिळतात म्हणून. २०१४ च्या अखेरीस लेनोव्होच्या काही लॅपटॉपांमध्ये सुपरफिश नावाचा जाहिराती दाखवणारा प्रोग्राम आधीच बसवलेला होता. बँकेसारख्या सुरक्षित संकेतस्थळांशी होणारं बोलणंही तो मधे बसून पाहू शकत होता, आणि त्यामुळे बाहेरच्या हल्लेखोरालाही वाट मिळत होती. २०१५ मध्ये हे उघडकीला आलं, आणि २०१७ मध्ये कंपनीला अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करावी लागली. म्हणजे बनवणाऱ्याची वेगळेपणाची चणचण ही त्याची खाजगी अडचण राहत नाही, कधीकधी तिचं बिल आपल्या नावावर फाटतं.

दोन अपवाद

कोणालाच वेगळं राहता आलं नाही का? दोन उदाहरणं द्यावी लागतील.

एक थिंकपॅड. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये आयबीएमने आणलेला काळा, चौकोनी लॅपटॉप. डिझायनर रिचर्ड सॅपर यांच्यासमोर जपानी जेवणाच्या डब्याची कल्पना होती. कीबोर्डच्या मधोमध लाल टोपीची छोटी दांडी. आत नेहमीचाच प्रोसेसर, नेहमीचीच विंडोज. पण कीबोर्ड बोटांना आवडे, बांधणी टिकाऊ असे, आणि ही काळजी वर्षानुवर्षं सोडली नाही. २००५ मध्ये आयबीएमने सगळा पीसी विभाग १७५ कोटी डॉलरच्या व्यवहारात लेनोव्होला विकला, तेव्हाही हे नाव आणि ती लाल दांडी टिकली. प्रमाणाच्या आत राहून, नीट हाताने काम करून मिळवलेलं वेगळेपण असतं ते असं.

दुसरी ॲपल. तिने आपली ऑपरेटिंग सिस्टिम सहसा कोणाला दिली नाही. १९९५ च्या सुमारास क्लोन बनवायची परवानगी देऊन पाहिली. १९९७ मध्ये स्टीव्ह जॉब्स परतले आणि त्यांनी ती बंद केली. १९९८ मध्ये निळसर पारदर्शक आयमॅक आला. लगेच विंडोजवाल्यांपैकी काहींनी तसेच रंगीत, गोलसर संगणक काढले. ॲपल कोर्टात गेली आणि ते बाजारातून नाहीसे झाले. पण कोर्ट नसतं तरी रंगाने भागलं नसतं. प्लास्टिक तसं बनवता येतं, आतली ऑपरेटिंग सिस्टिम बनवता येत नाही. ॲपल वेगळी राहिली, कारण तिने १९७७ चा मार्ग सोडला नाही. आणि १९७७ मध्ये वेगळेपणाची किंमत कोण मोजत होतं, ते आपण पाहिलंच आहे.

आणि आपण

आता आपल्याकडे येऊ. आयबीएम १९७८ मध्ये भारतातून निघून गेली होती. १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने आयातीचे आणि परवान्यांचे नियम सैल केले, आणि एचसीएल, विप्रो, मुंबईची झेनिथ कॉम्प्युटर्स अशा कंपन्यांनी आयबीएमशी सुसंगत यंत्रं विकायला घेतली. भाग बहुतेक बाहेरचेच. त्यामुळे अमेरिकेतल्या कंपन्यांची अडचण इथेही तशीच आली. प्रत्येकाची भिस्त सर्व्हिसवर, म्हणजे यंत्र बंद पडल्यावर माणूस कधी येणार, यावर.

पण आपल्याकडे खरा क्लोनवाला कंपनीतला नव्हता. तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर होता. नव्वदच्या दशकात घरात कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की पहिली चर्चा हीच : ब्रँडेड घ्यायचा की असेम्बल्ड? मग ओळखीतला एक मुलगा मदरबोर्ड, रॅम, कॅबिनेट, एसएमपीएस अशी यादी कागदावर लिहून आणायचा, भाव करायचा, आणि रविवारी घरी बसून यंत्र जोडून, फॉर्मॅट मारून द्यायचा. कितीतरी मध्यमवर्गीय घरांत आलेल्या पहिल्या कॉम्प्युटरवर कोणाचंच नाव नव्हतं. मोठ्या कंपन्यांना ज्या सारखेपणाने घाम फोडला, त्याच सारखेपणावर या मुलांनी पोट भरलं आणि कॉम्प्युटर शिकले.

आणि देवनागरी. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्टचं काम तिथे पुढे गेलं, आणि जिस्ट कार्ड सर्वत्र पोहोचलं. पीसीच्या मोकळ्या स्लॉटमध्ये हे कार्ड खोचलं की डॉसवर चालणाऱ्या वर्डस्टार, डीबेससारख्या इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये मराठी, हिंदी आणि इतर भारतीय लिप्यांत काम करता येई. मूळ प्रोग्राम बदलावा लागत नसे. यंत्र आयबीएमचं असो, क्लोन असो, नाहीतर लॅमिंग्टन रोडवर जोडलेलं असो.

आता कल्पना करा, १९७७ सारखी परिस्थिती राहिली असती आणि प्रत्येक बनवणाऱ्याचं यंत्र वेगळं असतं. तर प्रत्येक यंत्रासाठी वेगळं कार्ड करावं लागलं असतं. एवढे कष्ट मराठीसाठी कोणी घेतले असते? ज्या भाषेमागे मोठा बाजार नाही, तिला मोकळ्या स्लॉटचाच आधार असतो. बोका रॅटनमधल्या गटाने घाईत ठेवलेल्या त्या पाच खाचांमध्ये आपल्याला जागा मिळाली. त्यांच्या मनात आपण नव्हतो, हे खरंच.

शेवटी

म्हणून या इतिहासाकडे बघताना बनवणाऱ्यांची दया करावी की आनंद मानावा, हा प्रश्न आम्हाला पडतो. त्यांचं नुकसान आणि आपली मोकळीक एकाच कारणातून आली. डेलचीसुद्धा गंमत बघा. २००६ मध्ये एचपीने तिला मागे टाकलं, कारण लॅपटॉपचा काळ आला आणि लोकांना वस्तू हातात घेऊन बघायची होती. २००७ मध्ये डेलने वॉलमार्टच्या दुकानांत यंत्रं ठेवली. दुकान नाही ही जिची ओळख, ती कंपनी दुकानात गेली.

आज तराजू पुन्हा हलतोय. नव्या पातळ लॅपटॉपांपैकी अनेकांत रॅम बोर्डवर कायमची डकवलेली असते, बॅटरी चिकटवलेली असते, मागचं झाकण सहज निघत नाही. यात नुसता लबाडपणा आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. यंत्र हलकं होतं, बॅटरी जास्त चालते, आणि बनवणाऱ्याला कष्टाने थोडं वेगळेपण परत मिळतं. पण त्या ओळखीतल्या मुलाला आता उघडायला काही उरत नाही. आठ जीबीची सोळा करायची तर नवीन यंत्र घ्या, असं उत्तर मिळतं. आणि मग गंमत अशी, की २०२१ पासून फ्रेमवर्क नावाची एक अमेरिकन कंपनी आमचा लॅपटॉप स्क्रूड्रायव्हरने उघडता येतो, भाग बदलता येतात, हेच आपलं वेगळेपण म्हणून विकते आहे. १९८१ मध्ये जे गृहीत होतं, ते चाळीस वर्षांनी जाहिरातीचा मुद्दा झालं.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात उभे असाल आणि विक्रेता अमुक रंग, तमुक जाडी सांगू लागेल, तेव्हा त्याला एक साधा प्रश्न विचारा. याची रॅम वाढवता येते का? १९८३ मधल्या गिऱ्हाइकांनी लोटस चालतं का, हा एकच प्रश्न धरून ठेवला आणि मोठमोठ्या कंपन्यांना त्याप्रमाणे वळावं लागलं. आपला प्रश्नही पुरेशा लोकांनी विचारला तर ऐकला जाईल, असं मानायला इतिहासात आधार आहे.

आज इथेच थांबू.